गृहशोभा आणि भाड्याची भिंत

जून महिन्याच्या आरंभीं अमरावतीच्या किंवा अकोल्याच्या कोणत्याही वस्तींतून सकाळीं फेरफटका मारावा, म्हणजे एक देखावा हटकून दृष्टीस पडतो. हातगाडीवर अथवा लहानशा टेंपोंत एक सबंध संसार रचलेला असतो. खालीं गाद्यांच्या वळकट्या, त्यांवर उलटें ठेवलेलें टेबल, टेबलाच्या चार पायांमध्यें भांड्यांचें पोतें, कडेला दोरीनें बांधलेला कूलर, आणि मागच्या बाजूस काचेची तसबीर मांडीवर जपून धरून बसलेलें एखादें मूल. कोणाची बदली झालेली असते, कोणाच्या घरमालकानें खोली रिकामी करावयास सांगितलेलें असतें, तर कोणी दर्यापूर, तेल्हारा, मूर्तिजापूर किंवा अचलपूर सोडून मुलांच्या शिक्षणासाठीं शहरांत बिऱ्हाड करण्यास आलेला असतो. अशा बिऱ्हाडांतून ज्यांचें बालपण जातें, अशीं पुष्कळ मुलें आमच्या बरोबरीनें ह्याच शाळेच्या बांकांवर बसतात. त्यांच्या मनावर एक वाक्य अक्षरओळख होण्यापूर्वींच कोरलें गेलेलें असतें, तें म्हणजे, "भिंतीस खिळा ठोकूं नका."

आम्हीही ह्याच वाक्याच्या धाकांत वाढलों. आमच्या मातोश्रींनीं स्वतः भरलेला एक मोर काचेंत बसवून घेतला होता. तीन बिऱ्हाडें बदललीं, पण तो मोर भिंतीवर कधीं चढला नाहीं. प्रत्येक घरीं तो ट्रंकेवर, भिंतीस टेकूनच उभा राहिला. एका घरमालकांनीं तर घर सोडतेवेळीं भिंतींवरून हात फिरवून छिद्रें मोजलीं व तितके पैसे अनामत रकमेंतून कापून घेतले. त्यांचा आम्हांस राग नाहीं. भिंत त्यांची होती, आणि गिलावा पुन्हां करण्यास पैसे पडतात हेंही खरें आहे. परंतु त्या दिवसापासून एक प्रश्न मनांत घर करून राहिला आहे. ज्याच्या नांवावर भिंत आहे, त्यालाच ती सजविण्याचा अधिकार. आणि जो तिच्या आंत राहतो, निजतो, आजारी पडतो, अभ्यास करतो, त्यानें कोऱ्या भिंतीकडे पाहत बसावें काय?

ह्या प्रश्नास अलीकडे बाजारानें एक उत्तर दिलें आहे. तें म्हणजे चिकटवितां येणारें व पाहिजे तेव्हां काढून घेतां येणारें व्हिनाइलचें चित्र. शंभर-दोनशे रुपयांत झाड, पक्षी, वेल, नक्षीची किनार, जगाचा नकाशा किंवा बाराखडी मिळते. ना खिळा लागतो, ना रंगारी. ह्या वस्तूविषयीं आमच्या ओळखीच्या सुशिक्षित घरांतून दोन टोंकाचीं मतें ऐकूं येतात. कोणी तिला गरिबाचें भाग्य म्हणतात. कोणी नकली व क्षणभंगुर म्हणून नाक मुरडतात. आमचें मत असें आहे, कीं भाड्याच्या भिंतीस हें चित्र उचित आहे. मात्र त्यानें भिंतीचें दुखणें झांकूं नये, आणि तें निवडण्यांत व रेखाटण्यांत घरांतील माणसांचा हात असावा. ह्या दोन अटी कां, हेंच ह्या लेखांत सांगण्याचा विचार आहे.

प्रथम वस्तूची ओळख करून घेऊं. आपल्याकडे वाहनांवर नांवें व नक्षी चिकटविणाऱ्या दुकानास 'रेडियमचें दुकान' म्हणतात व त्या रंगीत पातळ पापुद्र्यासही 'रेडियम' म्हणण्याचाच प्रघात आहे. क्यूरी दांपत्यानें 1898 सालीं शोधलेल्या रेडियम धातूचा त्यांत लवलेशही नसतो, हें रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावें! तो पापुद्रा पॉलिव्हिनाइल क्लोराइड नांवाच्या प्लास्टिकचा असतो. 1872 सालीं ऑयगेन बाउमान ह्या जर्मन रसायनशास्त्रज्ञास व्हिनाइल क्लोराइड वायूनें भरलेली कुपी उन्हांत राहिली असतां तींत पांढरा घन पदार्थ तयार झालेला आढळला. तो इतका कडक व ठिसूळ होता, कीं त्याचें काय करावें हें पुष्कळ वर्षें कोणास उमगलें नाहीं. 1926 सालीं अमेरिकेंत वॉल्डो सेमन ह्यांनीं त्यांत दुसरीं द्रव्यें मिसळून तो मऊ व लवचीक केला, आणि मग त्याचे पडदे, नळ्या, चपला व पापुद्रे होऊं लागले. कागदावरून सोलून काढतांच चिकटणारी चिठ्ठी 1935 च्या सुमारास अमेरिकेंतच स्टँटन एव्हरी ह्यांनीं बाजारांत आणली. ह्या दोन कल्पनांचा संयोग म्हणजे आजचें भिंतीवरील चित्र होय. त्याच्या पाठीस डिंकाचा पातळ थर असतो, व त्या थरास गुळगुळीत कागदाचें अस्तर असतें. काढतां येणाऱ्या जातीचा डिंक मुद्दाम सौम्य ठेवलेला असतो. तो धरून राहतो, पण भिंतीशीं एकजीव होत नाहीं.

आतां पहिल्या आक्षेपाकडे वळूं. जें आज लावलें व उद्यां काढलें, तें कसलें अलंकरण, असें कित्येक म्हणतात. असें म्हणणारांनीं आपल्या घराच्या उंबरठ्याबाहेर पाहावें. सकाळीं घातलेली रांगोळी दुसऱ्या दिवशींच्या सड्याबरोबर पुसली जाते, म्हणून ती कोणी कमी प्रतीची मानली आहे काय? श्रावण लागला म्हणजे पुष्कळ घरीं जिवतीचा छापील कागद देवाजवळच्या भिंतीवर लावतात आणि महिना सरला म्हणजे काढतात. नागपंचमीचे नाग काढले जातात व पुसले जातात. पोळ्याच्या वेळीं आपल्या वऱ्हाडांतील पुष्कळ गांवीं दाराशीं पळसाच्या डहाळ्या लावतात. त्याही राहण्यासाठीं नसतात. नाताळची कागदी चांदणी आणि ईदच्या पताका ह्यांचीही तीच गोष्ट आहे. तेव्हां काढतां येणारी शोभा ही परक्यांनीं आणलेली रीति नसून आपल्याच घरांतील जुनी रीति आहे. प्रसंगापुरती शोभा करावी, प्रसंग सरतांच जागा पुन्हां स्वच्छ करावी, आणि पुढल्या वर्षीं पुन्हां नव्या उत्साहानें आरंभ करावा, हें आपल्या आयाआज्यांस ठाऊक होतें. बिऱ्हाडकरूस तर ही रीति फारच सोयीची आहे.

दुसरा आक्षेप असा, कीं यंत्रांतून हजारोंनीं निघणारें स्वस्त चित्र लोकांची अभिरुचि बिघडवितें. हा आक्षेपही नवा नाहीं. पुण्यास 1878 सालीं चित्रशाळा निघाली आणि मुंबईस 1894 सालीं राजा रविवर्मा ह्यांचा छापखाना निघाला; तो पुढें लोणावळ्याजवळ मळवली येथें गेला. तेथील रंगीत चित्रांनीं झोंपडीपासून वाड्यापर्यंत प्रवेश केला. जाणत्या टीकाकारांनीं त्यांना भडक म्हटलें, व कित्येक चित्रें तशीं असतीलही. परंतु ज्या घरांत तोंपर्यंत एकही चित्र नव्हतें, तेथें तें आलें. त्या चित्राखालीं बसून मुलांनीं गोष्टी ऐकल्या. आणि त्यांतील एखाद्या मुलानें पाटीवर तसेंच चित्र काढून पाहिलें असेल, हें कोणास नाकारतां येईल? स्वस्त असणें हा दोष नव्हे. स्वस्त म्हणून विचार न करतां आणणें, हा दोष आहे.

आणि येथेंच आमची पहिली अट येते. चित्रानें भिंतीचें दुखणें झांकूं नये. ही गोष्ट आम्ही केवळ उपदेश म्हणून सांगत नाहीं. आपल्या प्रांताच्या मातीनेंच ती सांगावयास लावली आहे. वऱ्हाडची काळी जमीन कपाशीस आईसारखी आहे, पण घरास ती सावत्र आई आहे. पावसाळ्यांत ती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यांत आटून इतकी आकसते, कीं शेतांतून हात जाईल एवढाल्या भेगा पडतात. अशा जमिनीवर पाया उथळ असला, तर भिंत तिच्याबरोबर वर-खालीं होते, व दारा-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा निघतात. दुसरें संकट खारपाणपट्ट्याचें. पूर्णा नदीच्या दोहों बाजूंस अमरावती, अकोला व बुलढाणा ह्या जिल्ह्यांतून हा पट्टा पसरला आहे. तेथील विहिरींचें पाणी खारें असतें. खारें पाणी वापरून केलेल्या बांधकामास, किंवा जमिनींतून ओल चढणाऱ्या भिंतीस, लोणा लागतो. पांढरा क्षार बाहेर फुटतो, रंगाचे पोपडे सुटतात व गिलावा भुसभुशीत होतो.

आमच्या एका परिचितांनीं भाड्याच्या खोलींतील अशाच लोणा लागलेल्या भिंतीवर विटांच्या नक्षीचा जाड पापुद्रा चिकटविला. दिवाळीस पाहुण्यांनीं वाहवा केली. पुढल्या श्रावणांत तो पापुद्रा पोटासारखा फुगला आणि एके रात्रीं गिलाव्यासकट खालीं आला. सुदैवानें खालीं निजलेल्या मुलास इजा झाली नाहीं. ओल कमी होती तेव्हां कोरड्या हवेंत ती थोडी तरी बाहेर जात होती. पापुद्र्यानें तिची वाट बंद केली, व ती आंतल्या आंत भिंत खात राहिली. व्हिनाइलमधील निम्म्याहून अधिक वजन क्लोरीनचें असतें व तें क्लोरीन मिठापासून काढतात. त्या मिठाच्या पोराला भिंतींतल्या मिठानेंच घरांतून हांकून लाविलें, असें ते परिचित मागाहून हंसून सांगत. पण हंसण्याची पाळी आली ही देवाची कृपा. तात्पर्य, भेग गवंड्यास दाखवावी, ओल घरमालकास दाखवावी, आणि मगच झाड कोठें लावावें तें ठरवावें. भेगेवर चिकटविलेलें झाड हें शोभेचें झाड नव्हे. तें खोट्या साक्षीसारखें आहे. त्यानें बिऱ्हाडकरूही फसतो, घरमालकही फसतो, आणि त्यांच्यामागून येणारा तिसरा मनुष्य तर पुरता फसतो.

आपल्या अमरावती जिल्ह्यांतील शेणगांवीं 1876 सालीं जन्मलेले गाडगे महाराज गांवांत शिरले म्हणजे कीर्तनाच्या आधीं हातांत खराटा घेत, हें सर्वश्रुत आहे. 1956 सालीं अमरावतीजवळच त्यांचें देहावसान झालें. त्यांचा खराटा मात्र आपल्या स्मृतींत अजून उभा आहे. त्यांचा तो क्रम गृहशोभेसही लागू पडतो. आधीं झाडणें, मग पुसणें, मग दुरुस्ती, आणि सर्वांच्या शेवटीं चित्र.

व्यवहाराच्या चार गोष्टीही सांगणें अवश्य आहे. कारण पुष्कळांचा पैसा अज्ञानानें वायां जातो. चुन्याच्या भिंतीवर हात फिरविला असतां हातास पांढरी भुकटी लागते. तशा भिंतीवर डिंक भिंतीस न चिकटतां भुकटीस चिकटतो, व चित्र दोन दिवसांत गळून पडतें. गुळगुळीत तैलरंगावर तें उत्तम राहतें. नवा रंग दिला असेल, तर तो पुरता वाळण्यास तीन-चार आठवडे द्यावेत. लावण्यापूर्वीं भिंत कोरड्या फडक्यानें पुसावी, पेन्सिलीनें सूक्ष्म खूण करावी, अस्तराचा कागद एकदम न सोलतां वरून थोडथोडा सोलीत जावा, व मऊ फडक्यानें मध्यापासून कडेकडे दाबीत हवा बाहेर काढावी. पश्चिमेची भिंत टाळावी; वैशाखांत पारा 45 अंशांपलीकडे जातो, तेव्हां ती भिंत रात्रींपर्यंत तापलेली असते व डिंक पातळ होऊन चित्र घसरतें. कूलरच्या अगदीं समोरही तें लावूं नये. ओलसर वाऱ्यानें कडा उचलल्या जातात. काढतांना ओढाताण करूं नये. गरम पाण्यांत पिळलेलें फडकें किंवा केंस वाळविण्याचें यंत्र कांहीं क्षण धरावें, आणि एका कोपऱ्यापासून भिंतीला जवळजवळ समांतर असें सावकाश सोलीत जावें. घाईनें काढलें तर रंगाचा पोपडा निघतो, आणि मग खिळ्याऐवजीं पोपड्याचे पैसे कापले जातात!

काढलेल्या पापुद्र्याचें काय करावें, हाही प्रश्न आहे. तो पाचोळ्याबरोबर, पऱ्हाट्यांबरोबर किंवा होळींत कदापि टाकूं नये. व्हिनाइल जळतांना त्यांतील क्लोरीनपासून घशास व फुफ्फुसांस जाचणारा आम्लाचा धूर निघतो. एकोणिसाव्या शतकांत युरोपांतील घरांतून सुंदर हिरव्या रंगाचा कागद भिंतींस लावण्याची मोठी हौस होती. त्या हिरवेपणांत सोमल होता, हें लोकांस फार उशिरां कळलें. भिंतीवर जें आपण लावतों, त्याच्याच सहवासांत आपण श्वास घेतों, एवढा बोध त्यांतून घ्यावा. म्हणून उग्र वास येणारा पापुद्रा घेऊं नये. लावल्यावर एक-दोन दिवस खिडक्या उघड्या ठेवाव्या. रांगतें मूल जेथवर पोहोंचतें तेथवर तो लावूं नये, कारण मुलें तो सोलतात व तोंडांत घालतात. आणि मुख्य म्हणजे थोडाच लावावा. सबंध खोली मढविण्यापेक्षां एका भिंतीवरचें एकच चित्र डोळ्यांस अधिक सुख देतें, आणि खिशासही.

आतां दुसरी अट. दिवाळींत अमरावतीच्या इतवाऱ्यांत किंवा अकोल्याच्या गांधी रोडवर पाहावें, तर लक्ष्मीच्या पावलांच्या तयार पट्ट्या व तयार रांगोळ्यांचे पापुद्रे खरीदणारांची दाटी असते. आम्ही त्यांस दोष देत नाहीं. दिवसभर नोकरी करून घरीं येणाऱ्या माउलीस पहाटे उठून ठिपके मांडण्यास वेळ कोठून मिळावा? परंतु पुष्कळ घरीं असें दिसतें, कीं दिवाळीस चिकटविलेलीं तीं पावलें शिमग्यापर्यंत तशींच राहतात. येणारे-जाणारे त्यांवरून चालतात. अंगठा फाटतो, टांच उडते, रंग काळवंडतो, आणि अर्धवट पाऊल उंबरठ्याशीं केविलवाणें पडून राहतें. पुसली जाणारी रांगोळी रोज नवी असे. न पुसलें जाणारें पाऊल मात्र रोज जुनें होतें. काढतां येणें हाच ज्या वस्तूचा गुण, ती वेळेवर न काढणें म्हणजे तिचा गुण फुकट घालविणें होय.

आणखी एक खंत आहे. पुष्कळ मुलांच्या खोल्यांतून परदेशांतील मनोरे, बर्फाचे डोंगर व कधीं न पाहिलेल्या झाडांचीं चित्रें दिसतात. जगाचें दर्शन घडावें, हें आम्हांस मान्यच आहे. परंतु मेळघाट ज्या जिल्ह्यांत आहे, तेथें सागाचें पान कोणाच्या भिंतीवर कां असूं नये? सागवानी फळ्यांची नक्कल छापलेला पापुद्रा आपण दुकानांतून विकत आणतों, आणि खऱ्या सागाचें पान केवढें असतें हें मुलांस सांगतां येत नाहीं, ह्यापरती दुसरी विसंगति कोणती? फाल्गुनांत फुललेला पळस, उमललेलें कपाशीचें बोंड, पोळ्याच्या झुली घातलेली बैलजोडी, चिखलदऱ्याच्या धुक्यांतील डोंगराची कड, ह्यांपैकीं प्रत्येक चित्र एका रंगाच्या पापुद्र्यांतून सुरेख कातरतां येतें.

आणि तें कातरणारा मनुष्य आपल्या शेजारीं बसलेला आहे. रिक्षांवर नांवें घालणारा रेडियमवाला आपल्या यंत्रांत कोणतीही रेषा भरून ती कापून देतो. पूर्वीं जे पाट्या रंगविणारे पेंटर होते, त्यांचें काम फ्लेक्स व रेडियम ह्यांनीं कमी केलें. त्यांतील कित्येकांनीं हेंच काम शिकून पोट चालविलें आहे. विद्यार्थिबंधुभगिनींस आमची सूचना अशी, कीं चित्रकलेच्या वहींतील आपलें एखादें चित्र घेऊन अशा दुकानीं जावें. ठळक बाह्यरेषा काढून द्यावी व तें कापून आणावें. यंत्रास काय, तो मनोराही कापतो आणि बोंडही कापतो. काय कापावें, हें सांगणारें डोकें व हात आपले असावेत. जें रेडियमवाल्याकडे जाऊं शकत नसतील, त्यांनीं घोटींव रंगीत कागद, कात्री व थोडी खळ घ्यावी; त्यांतूनही तीच गंमत साधते, आणि तीही काढतां येते.

घरमालकांसही एक विनंती करावीशी वाटते. आपल्या घरांत दुसऱ्याचें लहान मूल राहत असेल, तर त्याला एक भिंत द्या. दोन हात लांब आणि दोन हात रुंद एवढी जागा, स्वच्छ तैलरंग दिलेली, "येथें काय तें लाव" असें सांगून. तुमच्या गिलाव्यास धक्का लागणार नाहीं, आणि त्या मुलास आपण कोणाच्या तरी दयेवर राहतों असें न वाटतां आपण घरीं राहतों असें वाटेल. मोठेपणीं तें मूल स्वतःचें घर बांधील तेव्हां ती भिंत त्याला आठवेल, आणि भिंत देणाराही आठवेल.

आमच्या मातोश्रींचा मोर अजून आमच्याजवळ आहे. काच तडकली, रेशीम फिकें झालें. गेल्या वर्षीं आम्हीं त्याची रेषा कागदावर उतरून घेतली व रेडियमच्या दुकानांतून निळ्या रंगांत कापून आणली. सध्याचें घरही भाड्याचेंच आहे. मातोश्रींनीं स्वतःच्या हातानें तो पापुद्रा भिंतीवर दाबला. पिसाऱ्याखालीं एक बुडबुडा राहिला होता, तो अंगठ्यानें हळूच कडेला नेला, आणि दोन पावलें मागें येऊन बराच वेळ पाहत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "एवढ्या वर्षांनीं उभा राहिला एकदाचा." पुढच्या जूनमध्यें कदाचित् पुन्हां हातगाडी दाराशीं येईल. त्या वेळीं गरम फडक्यानें तो अलगद सोडवून घ्यावा लागेल. सौम्य डिंकाचा असला तरी तो दुसऱ्या भिंतीस धरीलच असें नाहीं. न धरला तर नवा कापून आणूं. रेषा आमच्यापाशीं आहे.